चार इंची पाईपातली वीज

ई-सायकलवाल्यांच्या गप्पा ऐकल्यात कधी? मोटार किती वॅटची, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, कात्रजचा चढ मारते का, मागे डबलसीट घेतलं तर काय... सगळ्याची चर्चा होते. बॅटरी ज्यात बसते त्या डब्याचं मात्र कुणी नावसुद्धा काढत नाही. मोबाईलच्या कव्हरसाठी आपण दुकानात अर्धा तास घालवतो. आणि चाळीस सेलचा ऐवज दोन पायांच्या मध्ये घेऊन खड्ड्यांतून जाताना त्याच्या कव्हरचं काय? तर, जे मिळेल ते!

म्हणून आजचा कॉलम त्या डब्याच्या नावाने.

डबा दुर्लक्षित असला तरी फुकट नसतो, हं. साध्या सायकलला किट बसवायला निघालात की मोटार, कंट्रोलर, चार्जर, बॅटरी असं बिल वाढत जातं आणि सगळ्यात शेवटी ती कुलूप-किल्लीवाली, बाटलीच्या जागी बसणारी काळी चकचकीत केस समोर येते. मला एका दुकानात तिचे तीन हजार सांगितले. रिकाम्या डब्याचे! बरं, तुमची बॅटरी त्यात बसेलच याची गॅरंटी नाही. त्यामुळे बरेच जण काय करतात, तर निळ्या प्लॅस्टिकमध्ये आवळलेला बॅटरीचा पॅक तसाच एका पिशवीत घालतात, पिशवी फ्रेमला बांधतात आणि देवाचं नाव घेऊन निघतात.

तासगावच्या माझ्या मामेभावाने हे सगळे प्रकार करून झाल्यावर स्वतःचा डबा बनवला. चार इंची ड्रेनेज पाईपाचा. मी तो उलटसुलट करून पाहिला, शंभर प्रश्न विचारले, आणि आता तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तासगाव म्हटलं की आपल्याला द्राक्षं आणि बेदाणे आठवतात. भाविक असाल तर उजव्या सोंडेचा गणपती आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या त्या देवळाचं दक्षिणी थाटाचं उंच गोपुर. पण बागायती गावाची एक दुसरी बाजू असते, ती म्हणजे दुरुस्तीची. विहिरीवरच्या मोटारी जळतात, रिवायंडिंगला येतात, नवी तार भरून परत जातात. फवारणीचे पाठीवरचे पंप येतात, ठिबकचे पाईप येतात. पाईप, व्हॉल्व्ह, मोटार आणि गॅस्केट यांचं जे ज्ञान इथल्या दहावीतल्या पोराला असतं, ते आपल्या ऑफिसच्या अख्ख्या मजल्यावर मिळून नसेल. मामेभाऊ हे बॅटरीवाले पंप दुरुस्त करतो. शेत गावापासून सहा किलोमीटरवर. पेट्रोलचा हिशेब एकदा कागदावर मांडला आणि मामांची जुनी डबल-बार सायकल बाहेर काढली. तिला मागच्या चाकात २५० वॅटची मोटार आणि ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी लावली.

पहिला डबा होता औषधाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, वरून कापलेला. दिसायला भयंकर, पण चालला. चालला म्हणजे ऑक्टोबर छाटणीपर्यंत! त्यानंतर बागेत फवारण्या सुरू होतात, आणि त्यात मोरचूद असतं. निळं पाणी कॅनच्या कापलेल्या कडेवरून आत झिरपलं आणि कनेक्टरच्या पितळेवर हिरवी पुटं चढली. नशीब, सेलपर्यंत पोहोचलं नाही. मोरचुदाचं पाणी वीज छान वाहून नेतं आणि धातू त्याहून छान खातं. शहरात मोरचूद नसेल, पण जुलैमधला रस्त्यावरचा चिखल आहे, आणि मुंबईकरांकडे समुद्राची खारी हवा आहे. शत्रू वेगळा, काम तेच.

दुसरा डबा स्टीलचा होता. मजबूत, झाकण घट्ट, आणि सगळ्यात धोकादायक. स्टील वीज वाहतं. बॅटरी आतल्या आत हादरत राहते, निळं प्लॅस्टिक डब्याच्या कडेला घासत राहतं, आणि ज्या दिवशी ते फाटेल त्या दिवशी डबाच शॉर्टसर्किटची तार होतो. हा डबा त्याने आठ दिवसांत काढला. मामीने त्यात शेंगदाणे भरले.

आणि मग पाईप.

शेतात पीव्हीसी पाईपाला पाईप जोडायचा असेल तर त्याचं एक टोक तापवतात, मऊ झालं की दुसऱ्या पाईपावर चढवून त्याला फुगीर तोंड देतात. हे सगळ्यांना येतं. मामेभावाने तोच फंडा वापरला, फक्त पाईप गोलाचा चौकोनी करायला. गणित बघा, मजा आहे. सायकलच्या बॅटरीतला नेहमीचा सेल म्हणजे १८६५०. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. ३६ व्होल्टसाठी असे दहा एकामागे एक, आणि क्षमतेसाठी प्रत्येकाला चारची जोडी, म्हणजे चाळीस सेल. प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवल्यावर ती वीट होते साधारण २०० बाय ८० बाय ७० मिलिमीटरची. चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरचा पाईप गोल असताना ही वीट त्यात जात नाही, कोपरे अडतात. पण पाईपाचा आतला घेर आहे ३३० मिलिमीटरच्या आसपास. त्याच घेराचा आयत केला की ९० बाय ७५ होतो. वीट आरामात आत, आणि चारही बाजूंनी अस्तरासाठी थोडी जागा शिल्लक. दहावीच्या भूमितीचा मला आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग.

सुताराकडून त्या मापाचा एक फूटभर लाकडी ठोकळा करून आणला. पाईपाचा तुकडा मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवला. ज्योतीवर धरायचा नाही, हे त्याचं ठाम मत आहे आणि ते बरोबर आहे. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे उकळतं पाणी पुरतं. ज्योतीवर ते करपतं, आणि करपलेल्या पीव्हीसीतून जो धूर निघतो त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. काही मिनिटांत पाईप शिजलेल्या भेंडीसारखा होतो. जाड हातमोजे घालून ठोकळा आत सरकवायचा, चार बाजूंनी फळ्या दाबायच्या, गार पाणी ओतायचं. झाला चौकोनी नळ. उरलेला तुकडा उभा चिरून, परत उकळून, दोन फरश्यांमध्ये दाबला की सपाट पत्रा मिळतो. त्यातून दोन्ही टोकांची झाकणं.

आत काय? इथे त्याच्या गल्लीतला रिवायंडिंगवाला कामाला आला. मोटारीच्या खाचांमध्ये तार भरण्याआधी जो लेदरॉइड कागद घालतात, तोच बॅटरीभोवती दोन पदर. चिवट असतो, घासून लवकर फाटत नाही. त्यावर पातळ फोमचं अस्तर, म्हणजे वीट खुळखुळत नाही. फोम गच्च दाबून भरायचा नाही, सेलना चेपवायचं नाही. वरच्या झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं गॅस्केट आणि चार स्क्रू. वायर बाहेर येते ती खालच्या बाजूने, केबल ग्लँडमधून, आणि बाहेर आल्यावर तिला एक झोल दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत आत न जाता त्या झोलावरून खाली टपकतं. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बारीक भोक, आत वाफ धरली तर निचरा व्हावा म्हणून, आणि भोकावर जाळी. जाळी कशाला? मुंग्या! द्राक्षाच्या गावात मुंग्यांशिवाय पान हलत नाही.

फ्रेमला बसवतानाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण पुण्या-मुंबईत हौशी मंडळी इथेच गडबडतात. बाटलीच्या स्टँडसाठी फ्रेमवर जी दोन भोकं असतात (अंतर ६४ मिलिमीटर, जगभर तेच), ती अर्ध्या-एक लिटर पाण्यासाठी केलेली असतात. चाळीस सेलच दोन किलोच्या जवळ जातात, वर डबा. आपल्या स्पीडब्रेकरवर ते दोन स्क्रू किती दिवस टिकणार? मामांच्या सायकलला तर ती भोकं नव्हतीच. त्यामुळे खाली पट्टी, वर तीन होज क्लिपा आणि प्रत्येक क्लिपेखाली ट्यूबचा तुकडा. डबा फ्रेमच्या त्रिकोणात, खाली. मागच्या कॅरिअरवर ठेवला तर सायकलची शेपटी जड होते आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट सेलवर बसतो.

खर्च? पाईप बाथरूमच्या कामातून उरलेला होता. बाकी कागद, फोम, ग्लँड, क्लिपा आणि सुताराचा चहा धरून चारशेच्या आत.

आता असं वाटेल की ही बाई जुगाडाचं कौतुक करून मोकळी होणार. कौतुक आहेच. या पट्ट्याची ती जुनी खोड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली आणि १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर कारखाना घेऊन आले, ती किर्लोस्करवाडी तासगावपासून फार लांब नाही. अगदी अलीकडचं म्हणाल तर शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवा. भंगारातून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात त्यांना बोलेरो दिली. पण तेव्हा आनंद महिंद्रांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, की ही गाडी नियमांत बसत नाही आणि ती आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. टाळ्या वाजवताना आपण ते वाक्य विसरलो.

आणि बॅटरीच्या बाबतीत मामला जीपपेक्षा गंभीर आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली कंपनीची कोरी ई-स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी गेला. त्याच सुमारास सरकारने नोंदणीच्या ई-वाहनांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. पाईपाच्या डब्याची कुठेही टेस्ट झालेली नाही, होणारही नाही. त्याची टेस्ट म्हणजे तुम्ही.

लिथियमचा सेल बिघडला, की आतल्या आत तापत जातो आणि एका हद्दीनंतर थांबवता येत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. त्यातून जोरात गॅस निघतो. कुठलाही प्लॅस्टिकचा डबा ही आग अडवत नाही, तीन हजारांचाही नाही. डब्याचं काम त्याच्या आधीचं. पाणी, धूळ, घासणं, आपटणं, म्हणजे सेल बिघडण्याची जेवढी कारणं बाहेरून येतात ती बाहेरच ठेवायची. आणि तरीही बिघडलाच, तर गॅसला वाट द्यायची.

हा शेवटचा मुद्दा मला मामेभावाकडून कळला. डब्याचं खालचं झाकण हाताने ओढलं तर निघतं, नुसतं रबरात दाबून बसवलंय. मला वाटलं, काम अर्धवट राहिलं असेल. म्हटलं, "अरे, हे पण सोल्युशन लावून चिकटवून टाक की, वॉटरप्रूफ होईल."

तो हसला. "ताई, आत्ता ह्यो पाईप हाय. दोन्हीकडनं चिकटीवला की बाँब झाला की गं!"

तासगाव-सांगली रस्त्यावरच्या कवठे एकंदची दसऱ्याची आतषबाजी ज्याने लहानपणापासून पाहिलीय, त्याला नळी दोन्हीकडून ठासली की काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचं खालचं झाकण जमिनीकडे तोंड करून आहे आणि आत दाब वाढला तर सगळ्यात आधी तेच उडणार, स्वाराच्या पोटाकडचं नाही. बाजारातून चार इंची पाईप आणि दोन एंड-कॅप आणून, सोल्युशनने सील करून, 'एकदम वॉटरप्रूफ' म्हणून मिरवणारे महाभाग मी पाहिलेत. मंडळी, प्लीज. ते करू नका.

मामेभावाने पैसे कुठे वाचवले नाहीत तेही ऐका. पॅक त्याने स्पॉट-वेल्डिंग केलेला, तयार घेतला. स्वतः पंपांचं सोल्डरिंग दिवसभर करतो, पण सेलवर कधी सोल्डर लावत नाही, कारण ती उष्णता सेलच्या आत जाते. प्रत्येक सेलगटाचं व्होल्टेज सांभाळणारं बीएमएस सर्किट नामांकित. चार्जर त्याच बॅटरीचा, ४२ व्होल्टला थांबणारा. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर, जितका जवळ लावता येईल तितका जवळ, फ्यूज. त्यातही एक गंमत आहे. कारचे रंगीत पातीवाले फ्यूज स्वस्त मिळतात, पण ते बहुतेक ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. पूर्ण भरलेली ३६ ची बॅटरी ४२ व्होल्ट देते. तेव्हा ५८ व्होल्टवाला मागून घ्यायचा. दुकानदार म्हणेल, "साहेब, काय फरक पडत नाही." पडतो!

मोटारही मुद्दाम २५० वॅटचीच. ताकद त्या हद्दीत, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर कायद्याने ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. त्यापुढे गेलात की तुमची सायकल सायकल उरत नाही, मग ती कितीही 'कूल' असो. हजार वॅटचं किट टाकून एक्सप्रेस-वेची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी हा डबा नाही.

उन्हाचंही बघावं लागतं. तासगावात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. शेतावरून आल्या आल्या चार्जिंगला लावायचं नाही, आधी सावलीत तासभर गार होऊ द्यायचं. ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करू नयेत असं बहुतेक कंपन्या सांगतात. डब्याला वरून पांढरा रंग दिलाय तो यासाठी. मला आधी वाटलं होतं, गणपतीच्या रथोत्सवासाठी सजवलीय.

आता आपल्याकडे येऊ. मामेभाऊ बॅटरी चार्ज करतो ओट्यावर, घराच्या बाहेर, मोकळ्या हवेत. मामीने घातलेली ती पहिली अट. आपल्याला ओटा कुठला! सहाव्या मजल्यावरचा वन-बीएचके, खाली पार्किंगमध्ये प्लग नाही, सेक्रेटरीकाकांना ई-सायकल म्हणजे नस्ती भानगड वाटते. मग बॅटरी काढून वर आणली जाते, आणि चार्जिंगला लागते कुठे? तर हमखास मेन डोअरजवळ, चपलांच्या रॅकशेजारी, कारण मोकळा प्लग तिथेच असतो. म्हणजे काही झालंच तर घरातून बाहेर पडायची एकमेव वाट नेमकी तिनेच अडवलेली. शिवाय वेळ? रात्री झोपताना. दोन अँपिअरच्या चार्जरला १० अँपिअर-अवरची बॅटरी भरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचं वाटतं.

घर बदलता येत नाही, जागा बदलता येते. बाल्कनी असेल आणि ऊन-पाऊस थेट येत नसेल तर तिथे, फरशीवर. आसपास पडदा, गादी, वाळत घातलेले कपडे नकोत. नसेल तर दारापासून लांबच्या कोपऱ्यात, आपण जागे असताना. संध्याकाळी सातला लावा, बाराला काढा, मालिका आणि जेवण त्यात बसतं. चार्ज होताना नेहमीपेक्षा गरम लागली, फुगली, गोडसर उग्र वास आला तर प्लग काढायचा आणि ती परत वापरायची नाही. धूर दिसला तर पाण्याची बादली शोधत बसू नका, घरातल्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ फिरवा. आणि एका रविवारी सेक्रेटरीकाकांना चहाला बोलवाच. पार्किंगमधला एक प्लग आणि त्याला एक वेगळा मीटर एवढंच मागायचंय, सोसायटीच्या जनरल बॉडीत यापेक्षा फालतू ठराव पास होतात.

तासगावात आता अशा चार सायकली झाल्यात. एक शाळेतल्या बाईंची, डब्यावर रिफ्लेक्टर लावलेली. मध्यंतरी एक जण जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पिशवीभर घेऊन आला होता, 'फुकटात पॅक बनव' म्हणून. त्याला मामेभावाने पिशवीसकट परत पाठवलं. बाकी कुणी डबा मागायला आलं आणि किंमत विचारली, की त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "पाईपाचं काय, द्या सवडीनं. चार्जिंगला लावणार कुठं, तेवढं आधी सांगा."